न ऐकू येणारी घरघर

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून खाली काय येईल याचा नेम नसतो. कल्हई उडालेली परात येते, आजोबांची काठी येते, कोणाच्या तरी मुंजीत आलेली तांब्या-भांडी येतात. आणि ज्या घरात कोणे एके काळी गाण्याचा नाद होता त्या घरात जुन्या तबकड्यांचा एक गठ्ठाही येतो. मधल्या काळात असा गठ्ठा निघाला की घरात एकच प्रश्न उमटे, 'रद्दीवाला घेईल का हो?' आता वारे फिरले आहे. अमेरिकेत २०२२ साली नव्या रेकॉर्डींचा खप, नगांच्या हिशेबात, सीडींच्या खपाच्या पुढे गेला. १९८७ नंतर असे प्रथमच घडले. आपल्याकडेही मुलगा किंवा जावई हौसेने नवा प्लेअर घेऊन येतो, नवे स्पीकर येतात, आणि फराळाची ताटे मध्ये ठेवून मंडळी भोवती बसतात. सुई टेकते. थोडी खरखर, थोडी टकटक, आणि मग गाणे सुरू होते. त्या खरखरीची तक्रार कोणी करीत नाही. म्हाताऱ्या माणसाला सुरकुत्या असायच्याच, तशी ती.

पण तबकडीचा एक आवाज असा आहे की जो मुळी ऐकूच येत नाही, आणि खरा उपद्रव तोच करतो. इंग्रजीत त्याला 'रंबल' म्हणतात. मी त्याला घरघर म्हणतो. घरघर लागणे या शब्दप्रयोगाचा मराठीत काय अर्थ होतो, हे या सदराच्या वाचकांना सांगायला नको. या घरघरीने स्पीकरची तीच अवस्था होऊ शकते.

संतमंडळींनी अनाहत नादाचे वर्णन केले आहे. तो कानांनी ऐकायचा नसतो, आणि तो लाभला की म्हणे समाधी लागते. आमच्या यंत्राच्या या अनाहत नादाने ऐकणाऱ्याची समाधी लागत नाही. असलेली मोडते मात्र. माणसाच्या कानाला दर सेकंदाला सुमारे २० कंपनांपासून २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात. सेकंदाला एक कंपन म्हणजे एक हर्ट्‌झ. २० हर्ट्‌झच्या खाली जे चालते ते आपल्या कानाला ठाऊक नसते. पण सुईला ते ठाऊक असते, अँप्लिफायरला ठाऊक असते आणि बिचाऱ्या स्पीकरला तर फारच ठाऊक असते.

हे येते कुठून? पहिली वाट तबकडीच्याच अंगातून. एलपी मिनिटाला ३३ व एक-तृतीयांश फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ०.५६ फेरा. उन्हाने किंवा वेड्यावाकड्या रचण्याने ती थोडी वाकली असेल, तर प्रत्येक फेऱ्यात सुई एकदा टेकडी चढते आणि एकदा उतरते. टेकड्या लहान आणि पुष्कळ असल्या, तर हीच चढ-उतर सेकंदाला पाच-सात वेळाही होते. दुसरी वाट मोटारीची. जुन्या प्लेअरमध्ये मोटारीची फिरकी रबरी चाकामार्फत थेट थाळीला मिळे. आपल्याकडच्या ५० हर्ट्‌झच्या विजेवर चार ध्रुवांची मोटार सेकंदाला जवळजवळ २५ फेरे घेते, आणि तिची थरथर त्याच चाकावरून तबकडीपर्यंत पोचते. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९६१ साली थाळी आणि सुईचा दांडा एकाच स्प्रिंगांवर तोललेल्या चौकटीवर बसवून, पट्ट्याने फिरणारा प्लेअर बाजारात आणला, तो हीच थरथर तोडण्यासाठी. पुढे १९७० साली जपानच्या मात्सुशिता कंपनीने टेक्निक्स या नावाखाली मोटारीचा आसच थाळीचा आस केला. मोटार सावकाश फिरू लागली आणि तिची थरथरही खाली उतरली.

तिसरी वाट आपल्या पायांखालून जाते. जुन्या वाड्याच्या माडीवर किंवा चाळीच्या लाकडी तक्तपोशीवर कोणी चालले की कपाटातल्या कपबशा बोलू लागतात. त्याच कपाटावर प्लेअर असेल तर सुईलाही ती पावले मोजता येतात. त्यातून स्पीकर त्याच कपाटावर ठेवले, की स्पीकर कपाटाला हलवतो, कपाट सुईला हलवते, सुई पुन्हा स्पीकरला हलवते. आणि एकमेकांच्या चुगल्या करणाऱ्या शेजारणींसारखे हे प्रकरण वाढतच जाते.

येथपर्यंत ठीक होते. पण सुईचा दांडा हा घरातल्या झोपाळ्यासारखा आहे. झोपाळ्याला स्वतःची अशी एक लय असते. त्या लयीत नुसते बोट लावले तरी तो उंच जातो, भलत्या लयीत लाथ मारली तरी हटत नाही. दांड्याचे वजन आणि सुईची लवचीकता यांतून अशीच एक लय ठरते. ती ८ ते १२ हर्ट्‌झच्या दरम्यान असावी असे जाणकार मानतात. कारण तबकडीच्या टेकड्या बहुतेक त्याच्या खाली संपतात आणि गाणे त्याच्या वर सुरू होते. जड दांड्याला फार मऊ सुई बसवली की ही लय ५-६ हर्ट्‌झपर्यंत उतरते, नेमकी टेकड्यांच्या लयीवर येऊन बसते, आणि झोपाळा आपोआप झुलू लागतो.

आता यावर वाढीव भर पडते ती कशी पाहा. तबकडीवर खर्जातले स्वर आहेत तेवढ्या मोठ्याने कोरले, तर खाच इतकी रुंद डुलेल की शेजारच्या खाचेत घुसेल. म्हणून कोरताना खालचे स्वर मुद्दाम बारीक करतात आणि वाजवताना अँप्लिफायर ते पुन्हा मोठे करतो. किती मोठे करायचे याचे जे प्रमाण अमेरिकेत १९५४ साली ठरले, तेच आर.आय.ए.ए. नावाने पुढे जगभर रूढ झाले. त्या हिशेबाने १००० हर्ट्‌झच्या स्वरापेक्षा २० हर्ट्‌झचे कंपन सुमारे ९ पट वाढवले जाते. अँप्लिफायर बिचारा प्रामाणिक नोकर. खर्ज कोणता आणि टेकडी कोणती हे त्याला कळत नाही. तो दोघांनाही सारखेच वाढून देतो.

परिणामी गाणे थांबले असतानाही स्पीकरचा पडदा आत-बाहेर धापा टाकत असतो. हल्लीच्या पुष्कळ स्पीकरांच्या पेटीला हवा खेळण्यासाठी भोक असते. त्या पेटीच्या ठरावीक मर्यादेखाली पडद्याला हवेचा आधारच उरत नाही आणि तो मोकाट हलतो. अँप्लिफायरची शक्ती या कवायतीत खर्च होते, आणि गायिकेचा स्वर हलत्या पाळण्यातून यावा तसा थरथरतो. आपल्याला वाटते बाईंचा आवाजच थकला होता. आवाज थकलेला नसतो. तो ज्या पडद्यावरून यायचा तो पडदा दमलेला असतो.

पूर्वी हा प्रश्न एवढा भेडसावत नसे. कर्ण्याच्या ग्रामोफोनला मुळात खालचे स्वर काढताच येत नसत. १९२५ मध्ये विद्युत-ध्वनिमुद्रण सुरू झाल्यावर तबकडीत खर्ज येऊ लागला, पण घरातल्या लहान स्पीकरांतून तो बाहेर पडणे अवघडच होते. जे बाहेरच येत नाही त्याचा त्रास कसला? मोठे स्पीकर दिवाणखान्यात आले आणि मग घरघरही पाहुणी म्हणून आली.

आपल्या घरी ही पाहुणी आहे की नाही, हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. स्पीकरची जाळी काढा, सुई दोन गाण्यांमधल्या रिकाम्या खाचेवर सोडा, आवाज नेहमीइतकाच ठेवा आणि पडद्यावर तिरका टॉर्च मारा. पडदा स्वस्थ असेल तर देवाचे आभार माना. सावकाश आत-बाहेर होत असेल तर पुढचे वाचा.

यावर उपाय म्हणजे फिल्टर, मराठीत गाळणी. चहाची गाळणी चोथा अडवते आणि चहा सोडते. ही गाळणी ठरावीक मर्यादेखालची कंपने अडवते आणि वरची सोडते. पण ती मर्यादेवर सुरीसारखा काप घेत नाही. तिथून एक उतरण सुरू होते. उत्तम गाळणी २० हर्ट्‌झवर लावली आणि तिची उतरण दर सप्तकाला १८ डेसिबलची असली, तर १० हर्ट्‌झचे कंपन एक-अष्टमांश उरते आणि ५ हर्ट्‌झचे एक-चौसष्टांश. साधी गाळणी दर सप्तकाला ६ डेसिबलच उतरते. ती २० वर लावली तर घरघर पुरती जात नाही, आणि घरघर घालवायची म्हणून तिला ७०-८० वर चढवली तर गाण्यात शिरते. १९७६ साली आंतरराष्ट्रीय मानकात अशीच २० हर्ट्‌झची साधी उतरण घातली गेली होती. ती पुष्कळांना रुचली नाही, आणि २००९ मध्ये ती काढूनही टाकण्यात आली. सारांश, गाळणीची भोके केवढी ठेवायची हाच सगळा प्रश्न.

हा प्रश्न नुसता यंत्राचा नाही, हे मला आमच्या इमारतीत दिसले. खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात. वय वर्षे ७८. तबकडीचा जुना वेगही ७८च, असे तेच हसत सांगतात. त्यांच्या पत्नीने हौसेने जमवलेल्या दीडएकशे तबकड्या घरात आहेत. बाई आता नाहीत. परदेशातला मुलगा दोन आठवड्यांच्या रजेवर आला, तो या साऱ्या तबकड्या संगणकावर उतरवून घ्यायच्या आणि मग कोणा शौकिनाला देऊन जागा मोकळी करायची, असा बेत करूनच. मुलगा गुणी आहे. त्याने प्लेअर आणला, पडद्याची धाप पाहिली, आणि १०० हर्ट्‌झवर गाळणी लावून कामाला लागला. पडदा शांत झाला. वीस तबकड्या उतरल्याही. तेव्हा आजोबांनी मला बोलावले.

"सर, जरा ऐका आणि सांगा," ते म्हणाले. "मला तानपुरा ऐकू येतो, पण त्याचा भोपळा गेला!"

मुलगा म्हणाला, "काका, मी बाबांना सांगतोय की स्वर सगळे आहेत. षड्‌ज आहे, पंचम आहे. बाबांना उगीच वाटतंय."

दोघेही खरे बोलत होते. गाणारे गृहस्थ काळी एकमध्ये गात होते. काळी एकचा षड्‌ज म्हणजे सुमारे १३९ हर्ट्‌झ, आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्‌झवर. मुलाची गाळणी उत्तम प्रतीची, १८ डेसिबलच्या उतरणीची होती. तिने ६९ हर्ट्‌झचे ते कंपन एक-तृतीयांशाहूनही थोडे खाली आणले होते. पण तार छेडली की तिच्यातून एकच कंपन निघत नाही. जवारीच्या कृपेने वरच्या स्वरांची एक झालरच तिच्याबरोबर येते, आणि मूळ कंपन दुबळे झाले तरी त्या झालरीवरून कान स्वर अचूक ओळखतो. म्हणून मुलाला षड्‌ज ऐकू येत होता. जे गेले होते ते स्वराचे अंग होते, त्याची बैठक होती. डग्ग्याची घुमक गेली होती तीही त्याच वाटेने. चाळीस वर्षे पत्नीच्या तानपुऱ्याशेजारी बसलेल्या माणसाला भोपळा गेलेला कळू नये, तर कोणाला कळावा?

मी त्यांना एक सुचवले. एकाच गाण्याचा एकच तुकडा तीन तऱ्हांनी उतरवा: गाळणीशिवाय, २० वर गाळलेला आणि १०० वर गाळलेला. आजोबांनी डोळे मिटून बसायचे, मुलाने मनाला येईल त्या क्रमाने लावायचे. तासभर हा खेळ चालला. १०० चा तुकडा आजोबांनी दर वेळी पकडला. उरलेल्या दोहोंत त्यांना तानपुऱ्याचा काहीच फरक सांगता येईना. एवढेच म्हणाले, की एकात गायकाचा स्वर जरा स्थिर वाटतो. तो २० चा तुकडा होता. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाबा, वीसच्या वीस पुन्हा उतरवतो." रजा कमी पडली. तबकड्या अजून घरातच आहेत.

तात्पर्य, २० हर्ट्‌झच्या खालचे बिनदिक्कत काढावे. आपल्या गाण्यात तिथे कोणी राहत नाही. पियानोची सर्वांत खालची पट्टीसुद्धा २७.५ हर्ट्‌झवर थांबते. त्याही खाली उतरणारी वाद्ये म्हणजे मोठ्या चर्चमधल्या ऑर्गनचे लांबलचक नळ. ६० च्या वर मात्र गाळणीने पाऊल टाकू नये. मधल्या टापूत, जिथे जुन्या मोटारीची २५ हर्ट्‌झची गुरगुर असते, तिथे गाळणीपेक्षा मिस्त्री बरा. कडक झालेले रबरी चाक बदलले, मोटारीखालची रबरे बदलली, आसात तेलाचे दोन थेंब सोडले, की पुष्कळ काम होते.

आणखी एक फुकटची गाळणी पुष्कळ घरांत असते, आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. १९५८ पासून बाजारात रूढ झालेल्या स्टीरिओ तबकडीत सुई आडवी हलली की दोन्ही बाजूंना सारखाच आवाज मिळतो, आणि वर-खाली हलली की दोन बाजूंना परस्परविरुद्ध. ही कल्पना इंग्लंडच्या अॅलन ब्लुमलीन यांच्या १९३१ च्या पेटंटातली. टेकडी चढणारी सुई वर-खालीच हलते. मग दोन्ही बाजू एकत्र केल्या तर? अधिक आणि उणे मिळून शून्य! जुन्या ७८ च्या तबकड्या आणि मोनो एलपी आडव्याच कोरलेल्या असतात, त्यामुळे त्यांत वर-खाली असे काही गाणे नसतेच. त्या वाजवताना अँप्लिफायरवरचे 'मोनो' बटण दाबावे. घरघरीचा मोठा वाटा जागच्या जागी विरतो आणि खर्जाचा केसही वाकडा होत नाही. ७८ साठी सुई मात्र वेगळी, जाड टोकाची लावावी. त्यांची खाच रुंद असते.

गाळणीकडून भलती अपेक्षाही करू नये. तबकडीचे भोक मधोमध नसेल तर स्वर दर फेऱ्याला वर-खाली लहरतो. ते दुखणे स्वरातच मुरलेले असते, गाळणीने जात नाही. आणि ज्या तबकडीच्या कोरण्याच्या यंत्राचीच गुरगुर खाचेत उतरली आहे, तिथे गाण्याशेजारी ती थोडीफार सोसावीच लागते.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी प्लेअर स्पीकरच्या कपाटावरून हलवावा. भिंतीत ठोकलेली फळी किंवा जड कडप्प्याची लादी उत्तम. मग दांडा आणि सुई यांचा जोड जमतो की नाही ते जाणकाराकडून पाहून घ्यावे. मग मोनो बटण. आणि शेवटी २० हर्ट्‌झची गाळणी. संगणकावर उतरवायचे असेल तर पहिली प्रत गाळणीशिवायच उतरवून जपून ठेवावी, जमल्यास २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्‌झमध्ये. गाळायची ती दुसरी प्रत. ध्वनिसंग्रह सांभाळणाऱ्या संस्थाही हाच नियम पाळतात. उद्या आपल्या नातवंडांच्या हाती आजच्याहून चांगली गाळणी असेल, पण गाळायला मूळ चहा तरी शिल्लक हवा.

आणि गृहिणींना एक विनंती. दिवाळीपूर्वी गाद्या, उशा, लोकरीचे कपडे सारे गच्चीवर उन्हात पडते, ते योग्यच आहे. तबकड्यांचा गठ्ठा मात्र त्या रांगेत ठेवू नका. ऑक्टोबरच्या उन्हात एक दुपार पुरे. तिथे उठलेली टेकडी कोणत्याही गाळणीने सपाट होत नाही. पुसून, पाकिटात घालून, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. पाडव्याला एखादी लावा, आणि सुई टेकण्यापूर्वी टॉर्च हाताशी ठेवायला विसरू नका.